अर्धा इंच समास

आमचे हे डॉक्टरकडे गेले तरी आधी त्यांच्या टेबलावरचं रजिस्टर उचलायचे. पाठीवर बोटांनी टकटक करायचे, कोपरे चाचपायचे, आणि मग गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "शिवण सैल झालीय हो डॉक्टर. महिन्याभरात पानं हातात येतील." डॉक्टर म्हणायचे, "ते राहू दे, तुमचं काय दुखतंय?" तेव्हा कुठे ह्यांना आठवायचं, की आपण पोटात कळा येतात म्हणून आलो होतो. मी शेजारी बसून कपाळावर हात मारून घ्यायचे.

बाइंडर होते ते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. दारातून आत आलं की डाव्या हाताला मोठ्या चाकाचं कटिंग मशीन, उजवीकडे पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, आणि मध्ये ह्यांची बैठक. खळीचा वास तर घराच्या भिंतींतच मुरलेला. नवीन लग्न झालं तेव्हा मला मळमळायचं त्या वासाने. पुढे पुढे माहेरी गेले की झोप यायची नाही, काहीतरी कमी आहे असं वाटायचं. माणसाची सवय म्हणजे काय सांगावं!

ह्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी वाचता यायचं नाही, पण इंग्रजी अक्षरं सगळी ओळखायचे. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी नाव उमटवायला पितळेचे ठसे असतात ना, त्यांच्यामुळे. अक्षर त्यांना आकाराने माहीत होतं. त्याचा शब्द काय होतो ते गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं, हे एकेक ठसा शोधून लावायचे. कधी चूक नाही. मी चिडवायचे, "अहो, सगळ्या गावाची विद्या तुमच्या हाताखालून जाते आणि तुम्ही कोरडे ते कोरडेच." ते हसायचे. मी म्हणजे तोंडाची फटकळ. जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. हे मुद्दाम सांगून ठेवतेय, कारण पुढे लागणार आहे.

एक नियम मात्र त्यांनी जन्मभर पाळला. पुस्तक ज्याचं, त्याला विचारल्याशिवाय पात्याखाली घालायचं नाही. "शिवलेलं उसवता येतं, चिकटवलेलं भिजवून काढता येतं. कापलेलं परत येत नाही," असं म्हणायचे. एकदा कोर्टातला कारकून कागदांचा भारा टाकून गेला आणि तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळला. ह्यांनी आठ दिवस तो भारा तसाच ठेवला. काठ किती कापायचे, हे त्या बाबाने सांगितलं नव्हतं ना! मी म्हटलं, "करून टाका हो, तो काय पट्टी घेऊन मोजायला बसणार आहे?" तर म्हणाले, "तो नाही बसणार. मी बसेन ना मोजत."

मुलगी एकच आम्हाला. हे तिला खारू म्हणायचे, कारण लहानपणापासून खारीसारखी साठवायची. बटणं, काचेचे तुकडे, दुकानातली रंगीत कापडाची कातरणं, सगळं एका पत्र्याच्या डब्यात. मोठी झाल्यावर शब्द साठवायला लागली. शाळेच्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी साहित्य हा विषय होता, आणि पोरगी त्या विषयाने अक्षरशः झपाटली. पुढे तेच शिकायचं, कॉलेजात इंग्रजी साहित्यच घ्यायचं, असा हट्ट. त्या कॉलेजात त्या विषयाला जागा मिळवायची तर साहित्याच्या पेपरात निदान सत्तर मार्क हवेत. सत्तरला एक जरी कमी पडला तरी दार बंद.

खारूचे इंग्रजीचे सर जरा विक्षिप्तच होते. गाईड दिसलं की जप्त करायचे. मुलांना सांगायचे, "ओळ वाचताना मनात जे येईल ते तिथेच समासात इंग्रजीत लिहा. कोऱ्या काठाचं पुस्तक घेऊन माझ्या वर्गात बसू नका." मग काय, आमच्या खारूने वर्षभर त्या पुस्तकाचे काठ भरून काढले. कवितेला निळी शाई, गोष्टींना हिरवी, नाटकाला लाल. वर, खाली, कडेला, जिथे मुंगीला जागा मिळणार नाही तिथे हिची दोन वाक्यं. वही अशी केलीच नाही. सगळा अभ्यास त्या काठांवर.

मी स्वयंपाकघरात असले की ओट्याला टेकून वाचून दाखवायची. दीपगृहाच्या राखणदाराची एक कविता होती, ती तर इतकी वेळा ऐकवली की मला त्या म्हाताऱ्याचा कंटाळा आला. "आई, बघ ना, तो सगळ्यांना दिवा दाखवतो, पण कवितेत त्याच्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. हे मला सुचलंय हं, सरांनी सांगितलेलं नाही." मी म्हणायचे, "हं, हं, ते पातेलं दे इकडे." ती वाचते ते छापलेलं की काठावरचं, हे मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

पुस्तक मुळात जुनं, कुणाकडून तरी उतरलेलं. वर्षभराच्या हाताळणीने त्याची पाठ मोडली, पानं सुटली, काठ तेलकट होऊन कुत्र्याच्या कानासारखे दुमडले. खारू त्याला दोन रबरं लावून फिरायची. मला ते बघवायचं नाही. बाइंडरची मुलगी, आणि पुस्तक भाजीच्या जुडीसारखं रबरात! शेजारीण एकदा म्हणालीच, "काय हो, दिव्याखाली अंधार वाटतं?" लागलं मला ते. मी खारूला म्हटलं, "बाबांकडे दे, दोन तासांत करून देतील." ती म्हणाली, "परीक्षा झाल्यावर. आत्ता अजिबात नको, आई. हात लावू नकोस त्याला." स्वच्छ शब्दांत म्हणाली. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही.

परीक्षेला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी शाळेत गणिताचा जादा तास, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इंग्रजीचं पुस्तक टेबलावर राहिलं होतं. मला वाटलं, संध्याकाळी येईल तर नवंकोरं पुस्तक समोर! कशी उडी मारेल! मी ते उचललं आणि दुकानात गेले.

"अहो, एवढं बांधून द्या बघू. पोरगी रबरं लावून फिरतेय, लाज वाटते."

ह्यांनी हात पुसून पुस्तक घेतलं. "खारूला विचारलंस?"

"विचारलं की."

"देऊन टाक म्हणाली?"

"हो म्हणतेय ना मी."

त्यांनी पानं चाळली. "काठ फार खराब झालेत. अर्धा इंच तरी घ्यावा लागेल सगळीकडून. आणि हे लिहिलंय ते?"

"गिरगोट्या आहेत त्या. वर्गात बसून रंगवलंय नुसतं. तिला सगळं तोंडपाठ आहे आता. घाण जाऊ दे ती, स्वच्छ करून द्या."

"नक्की?"

"आता काय लिहून देऊ?" मी खेकसलेच.

माझ्या शब्दावर त्यांनी ते पात्याखाली घातलं. मी चहा ठेवायला आत वळले तेव्हा चाक फिरल्याचा आवाज ऐकला. तीनदा.

काम मात्र असं केलं की काय सांगू! कोर्टाचं काम बाजूला ठेवून दिवसभर तेच. पानांचा एकेक जुडगा दोऱ्याने शिवला, पाठ हातोडीने ठोकून छान गोल काढली, गडद लाल कापड चढवलं, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत पोरीचं नाव. शिकंज्यातून काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा चेहरा असा, जणू पेपर ह्यांनीच सोडवलाय.

खारू आली. बघून आधी हसली, हे मला आठवतं. नावावरून बोट फिरवलं. मग पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं पान, मग भराभरा. काठावरच्या प्रत्येक ओळीचं अर्धं अंग गेलं होतं. वरच्या ओळी तर पार नाहीशा.

"बाबा, हे काय केलंत?"

हे गोंधळले. "का गं? काठ खराब..."

"माझा वर्षाचा अभ्यास होता तो! सगळा! मी नको म्हटलं होतं!" आणि मग ती जे बोलली, ते आजही माझ्या कानात तसंच आहे. "तुम्हाला वाचता येत नाही ना, म्हणून. तुम्हाला पुस्तक म्हणजे नुसता कागद आणि पुठ्ठा. आत काय आहे त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर मी उसळून तरी बोलले असते. नुसतं वाट बघितल्यासारखं बघितलं. आणि मी, सगळ्या गल्लीला पुरून उरणारी बाई, फडकं घेऊन कोरडी कपबशी पुसत उभी राहिले.

मग ते म्हणाले, "चुकलं माझं, खारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दुकानाचा दर्शनी दरवाजा अर्धाच उघडा, आणि हे मशीनखाली मांडी घालून बसलेले. कातरणाचं अख्खं पोतं जमिनीवर उपसलेलं. रद्दीवाला शनिवारी यायचा, म्हणून नशिबाने ते अजून तिथेच होतं. पण त्यात आठवड्याभराच्या साऱ्या कामांची कातरणं. कचेऱ्यांची रजिस्टरं, नकाशे, कुणाच्या दवाखान्याच्या वह्या. त्या ढिगातून हे बोटभर रुंदीच्या पट्ट्या उचलत होते, निळी शाई एकीकडे, हिरवी एकीकडे, लाल एकीकडे.

इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षराचा आकार येत होता. पानावर अर्धा गोल राहिलाय तर उरलेला अर्धा गोल कुठल्या पट्टीवर आहे, इथली दांडी तिथल्या कुठल्या दांडीला भिडते, असं जुळवत होते. जुळलं की मागून पातळ कागद लावून खळीने चिकटवायचे. आठ दिवस. कोर्टाचा कारकून दोनदा ओरडून गेला. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. जवळ जाऊन बसले. म्हटलं, "मी सांगते तिला. माझ्यामुळे झालं म्हणून."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आत्ता नको. परीक्षा होऊ दे. माझ्याशी बोलत नाहीये ती. घरात कुणा एकाशी तरी बोलायला हवं ना तिला."

मला तेव्हा बरं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

परीक्षेच्या तीन दिवस आधी त्यांनी पुस्तक तिच्या टेबलावर ठेवलं. इतक्या पट्ट्या चिकटवल्यामुळे ते फुगून मिटत नव्हतं. खारू मैत्रिणीची वही उतरवून घेत होती. तिने पुस्तकाकडे बघितलं, उघडलं नाही. "आता काय उपयोग," म्हणाली, आणि कोपराने बाजूला सारलं. हे "बरं" म्हणाले आणि दुकानात जाऊन खळीचं भांडं घासत बसले.

चौसष्ट मार्क पडले. सहा कमी. खारूने इतिहास घेतला.

परीक्षा झाली, निकाल लागला, मी बोलले नाही. आज सांगते, उद्या सांगते. आधी वाटलं, मार्कांचं दुःख ताजं आहे. मग वाटलं, आता कुठे बापाशी दोन शब्द बोलायला लागलीय, कशाला पुन्हा उकरा. मग तिचं लग्न. मग तिचं बाळंतपण. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. ह्यांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. एकदा तरी भांडायचं होतं हो त्यांनी! मी इतक्या बारीकसारीक गोष्टींवरून त्यांचं डोकं खाल्लं, त्यांनी एवढ्या मोठ्या गोष्टीवरून माझं का नाही खाल्लं?

इतिहासाचा प्रबंध लिहिला खारूने, लग्नाच्या आदल्या वर्षी. चार प्रती बांधायच्या होत्या. घरात बाप बाइंडर, आणि हिने बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून बांधून आणल्या. टेबलावर ठेवल्या. हे जेवून हात धुऊन आले, त्यांनी एक प्रत उचलली. सवयीने पाठीवर टकटक केलं, अंगठा फिरवला. "गोलाई चांगली काढलीय," म्हणाले. प्रत होती तशी नीट ठेवली. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले.

आणि पुढे ती हकिगत घरातला विनोद झाली. हेच मला सहन व्हायचं नाही. जावई आले की, पाहुणे आले की, खारू रंगवून सांगायची. "आमच्या बाबांनी माझा अख्खा अभ्यास रद्दीत घातला, पुस्तक मात्र काय देखणं केलं!" सगळे हसायचे. हेही हसायचे, मान खाली घालून. मी उठून आत जायचे.

तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. दुकान तसंच आहे. मशीन विकायचं म्हणते खारू, मी आज नको उद्या बघू म्हणते.

परवा रविवारी खारू आणि नात आल्या होत्या. नात आता त्याच वर्षाला, तोच विषय. परीक्षा महिन्यावर आलीय. तिच्या पुस्तकाची पानं सुटलीत. मला म्हणाली, "आजी, तू आजोबांचं बघून बघून शिकली असशील ना? दे ना शिवून."

खारू हसत म्हणाली, "खबरदार! या घरात पुस्तक द्यायचं नाही. तुझ्या आजोबांनी माझं काय केलं होतं, माहितीये?" आणि सुरू झाली. तीच हकिगत, तेच हातवारे. नात खदाखदा हसायला लागली. "काय गं आई, आजोबांनी तुला साधं विचारलंसुद्धा नाही?"

विचारलं नाही! त्या माणसाने!

"विचारलं होतं," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी सगळं सांगितलं. खारूने नको म्हटल्याचं, मी खोटं बोलल्याचं, त्यांनी तीनदा विचारल्याचं, गिरगोट्या म्हटल्याचं, कपबशीचं. पोत्याचं. "परीक्षा होऊ दे" म्हणाले त्याचं. बोलता बोलता उठले आणि शिकंज्यामागच्या फळीवरून ते लाल पुस्तक काढून आणलं. तिने बाजूला सारल्यापासून ते तिथेच होतं.

खारूने ते मांडीवर घेतलं. पट्ट्या जोडल्यापासून पहिल्यांदाच उघडलं. एकेक पान हळूहळू उलटत गेली. काठावरच्या ओळी जोडावर जराशा वाकून पुढे जात होत्या, पण जात होत्या. दीपगृहाच्या कवितेपाशी नात एकदम म्हणाली, "हे काय? इथे मध्येच आकडा आहे." निळ्या शाईची पट्टी होती, पण खारूच्या हातची नव्हती. कुठल्यातरी कचेरीच्या रजिस्टरातला अर्धवट आकडा. आकार भिडला, म्हणून ह्यांनी तो तिथे बसवला होता. नात हसली. खारू हसली नाही. तिने त्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

मी म्हटलं, "तेच म्हणाले होते गं, आत्ता नको, परीक्षा होऊ दे. म्हणून मी गप्प बसले."

तिने वर बघितलं. तिचा बाप बघायचा तसंच, रागाशिवाय.

"परीक्षा तर पंधरा दिवसांत संपली होती, आई."

तिने पुस्तक मिटलं. ते पूर्ण मिटत नाही, मग दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि तसंच धरून ती दुकानात जाऊन त्यांच्या बैठकीवर बसली.